दोन नग, बारदानासह

इमारत दोनच परिस्थितींत वाचते: तिचा उपयोग चालू असेल तर, किंवा तिचा उपयोग संपून इतकी वर्षं लोटली असतील की तो काय होता हे कोणालाच आठवत नसेल तर. मधल्या वयाच्या इमारती पाडतात. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण नगरपालिकेपासून गवंड्यापर्यंत सगळ्यांना तो पाठ आहे, आणि आमच्या साठवण-कार्यालयाचा सारा कारभार त्याच्यावरच उभा आहे.

धक्क्यावरचं चार मजली दगडी गोदाम वाचलं ते या नियमाच्या दुसऱ्या भागामुळे. त्यात कधी काळी दोरखंड, डांबर, कातडी आणि लोकरीचे गठ्ठे ठेवत. मग जहाजं मोठी झाली, धक्का लहान पडला, आणि पुढची कित्येक वर्षं तिथे फक्त कबुतरं साठवली गेली (आवक भरपूर, जावक शून्य). वारसा जतन मंडळाने ते पाहिलं आणि दारावर पितळी पाटी ठोकली.

गोदामाच्या मागे एक गल्ली होती. तिच्यात माणसं राहत होती, नळाला पाणी येत होतं, छपरं गळत नव्हती. पण तिचा उपयोग फक्त तिच्यात राहणाऱ्यांना होता, आणि तसला उपयोग हिशेबात धरत नाहीत. गोदामाचा देखावा मोकळा व्हावा म्हणून गल्ली काढली आणि तिथे गाड्या लावायची सोय केली. आता तिथे उभं राहिलं की गोदाम नखशिखांत दिसतं. पूर्वी ते फक्त गल्लीतल्या लोकांना दिसायचं, आणि त्यांना त्याचं काही कौतुक नव्हतं.

मालकांनी गोदामाचे फ्लॅट करून भाड्याने द्यायचं ठरवलं तेव्हा एक अडचण आली. पाटीवर 'गोदाम' असं लिहिलेलं होतं. वास्तूचा मूळ वापर बदलला की वारसा रद्द, वारसा रद्द झाला की करसवलत रद्द, आणि करसवलत रद्द झाली की मालकांचं इतिहासावरचं प्रेमही रद्द. मालकांचे वकील बरेच दिवस त्या पाटीसमोर खुर्ची टाकून बसले. शेवटी म्हणाले, "गोदामात राहता येत नाही. ठेवता येतं. आपण माणसं ठेवू."

तेव्हापासून आमच्याकडे भाडेकरू नाहीत, माल आहे. भाडं नाही, साठवण-आकार आहे. करार नाही, पावती आहे; तिच्यावर 'माल ठेवणारा' आणि 'ठेवलेला माल' अशा दोन ठिकाणी एकाच माणसाची सही लागते. माणसं मोजायची ती नगांत. आत येताना दरवाजाजवळच्या मूळ लोखंडी काट्यावर प्रत्येकाचं वजन होतं आणि जाताना परत होतं; मधल्या मुदतीत घट आली तर जबाबदारी ठेवणाऱ्याची. (आजवर घट आलेली नाही. पाण्याकाठची हवा भूक वाढवते.)

सोयींबद्दल आम्ही स्वतःच्या तोंडाने काय सांगावं? तुमच्या सध्याच्या घरात भिंतीचा गिलावा पडला तर तुम्ही मालकाशी भांडता. इथे तो आम्ही मजूर लावून पाडला आहे, आतल्या विटा उघड्या केल्या आहेत, आणि विटांची भुकटी तुमच्या चहात पडते तिचा वेगळा आकार घेत नाही. पाण्याचा देखावा प्रत्येक फ्लॅटला आहे. मात्र गठ्ठ्यांना बाहेर बघायची हौस नसल्यामुळे मूळ खिडक्या छताला टेकलेल्या आहेत, तेव्हा शिडी वेगळी घ्यावी लागते. दिवाणखान्यात माल ओढून घ्यायचं प्रशस्त दार आहे. ते सरळ हवेत उघडतं. कठडा बसवायला मंडळाची परवानगी नाही, कारण लोकरीला कठडा नव्हता. (आजवर एकच नग त्या दारातून चुकून बाहेर गेला. त्याला पोहता येत होतं. त्याच्या पावतीवर 'जावक' लिहिलं आणि तो जिन्याने परत आल्यावर 'आवक'.) वासही मूळचाच आहे: पहिल्या मजल्यावर डांबर, दुसऱ्यावर कातडी, तिसऱ्यावर ओली लोकर. सुगंधी फवारा मारणं हा मूळ वास्तूत फेरफार समजला जातो. आमच्या पाहणीनुसार एक्क्याण्णव टक्के माल समाधानी आहे. उरलेल्या नऊ टक्क्यांना अजून शिडी मिळालेली नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातली पावती एका जोडप्याच्या नावावर होती. त्याचं चष्म्यांचं दुकान, ती शाळेत भूगोल शिकवणारी. दोन नग, मध्यम, कोरडे. फ्लॅट घेताना त्यांनी पाहुणे किती बसतील हे विचारलं, स्वतः किती मावतील हे विचारलं नाही. हे आमच्या मालाचं लक्षण आहे आणि आम्ही ते चांगलं समजतो.

भूगोलाच्या बाईंची आई मागच्या गल्लीत राहायची, एकटी, तळमजल्यावर, कारण उजवा गुडघा कामातून गेलेला. इस्पितळात मेट्रन होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी सगळे तिला मेट्रनबाईच म्हणत, आणि कोणी हाक मारली की ती आधी हात धुवायची. लेकीच्या घरी जाऊन राहणं तिला पसंत नव्हतं. पण गल्ली गेली, आणि गाडी लावायच्या जागेत माणसाने राहायची सोय नव्हती. तेव्हा एक ट्रंक आणि एक हातातली पर्स घेऊन ती लेक-जावयाच्या मधोमध चालत गोदामाच्या दरवाजाशी आली.

दरवाजाशी काटेवाला बसतो. वजन करणं, नोंद करणं आणि दर महिन्याला फ्लॅटमधले नग मोजणं ही त्याची कामं. आधी तो बँकेत होता. नोटा मोजून कंटाळला म्हणून माणसं मोजायला आला.

"पावतीवर दोन नग आहेत," तो म्हणाला. "हा तिसरा नग."

"नग कोणाला म्हणतोस रे?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"मावशी, इथे सगळेच नग. मीसुद्धा."

"ते दिसतंच आहे."

नग वाढवायचा तर नवी पावती हवी, आणि नव्या पावत्यांची प्रतीक्षायादी मागच्या गल्लीइतकी लांब होती (गल्ली असती तर मोजून दाखवली असती). चष्मेवाल्याने मान खाजवली.

"आमच्या गाद्या, खोकी, सुटकेस, हे सगळं तुम्ही कशात धरलंत?"

"बारदानात. माल ज्यात बांधून येतो ते बारदान. ते नगांत मोजत नाही. त्याचं वजन मालाच्या वजनातून वजा करतो, बस."

"म्हणजे बारदान कितीही आणलं तरी..."

"आपली हरकत नाही."

मग सगळे मेट्रनबाईंकडे बघू लागले. चष्मेवाल्याने चष्मा काढून पुसायला घेतला. (या धंद्यातली माणसं असं करतात तेव्हा त्यांना समोरचं बघायचं नसतं.)

"अरे, माझी आई आहे ती," भूगोलाच्या बाई म्हणाल्या.

"कागदावरच गं. घरात आईच की," चष्मेवाला म्हणाला.

काटेवाल्याने पेन उघडलं. "प्रकार सांगा. गोणपाट, पत्र्याचा डबा का लाकडी खोका?"

"जास्त काय टिकतं?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"खोका."

"मग खोका लिही. गोणपाटाला कोण विचारतो?"

त्याने लिहिलं: लाकडी खोका, जुना, एक. मग त्याला तिच्या हातांतली दोन जाड कडी दिसली, म्हणून पुढे 'कड्यांसह' अशी भर घातली. माणूस कामात चोख. त्यानंतर रीतीप्रमाणे लेक आणि जावई यांच्या एकत्र वजनातून आईचं वजन वजा झालं, आणि कागदावर दोघं मिळून एका सडपातळ माणसाइतके भरले. ते वाचून भूगोलाच्या बाईंना त्या दिवसात पहिल्यांदा जरा बरं वाटलं.

बारदानाचे नियम सोपे आहेत. ते भिंतीशी ठेवायचं, पायात येऊ द्यायचं नाही. त्याला लिफ्ट नाही, कारण लिफ्ट मालासाठी आहे. जिने गुडघ्याला झेपणारे नव्हते, तेव्हा मेट्रनबाई दर्शनी भिंतीवरच्या मूळ कप्पीवरून, दोराला टांगलेल्या खुर्चीत बसून, त्या हवेत उघडणाऱ्या दारातून जा-ये करू लागल्या. सकाळी रिकामी पिशवी घेऊन खाली, थोड्या वेळाने भाजी घेऊन वर. दोर सोडायचं काम काटेवाल्याचं.

"हळू सोड. मी काय लोकर आहे?"

"लोकर बोलत नाही, मावशी."

"म्हणूनच तुम्ही तिचे हाल केलेत."

धक्क्यावर बघे जमू लागले. आम्ही खुर्चीतल्या मेट्रनबाईंचं छायाचित्र माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर छापलं, खाली 'मूळ यंत्रणा आजही वापरात'. त्या महिन्यात अर्ज दुप्पट झाले.

घरातही बारदानाची कोणाला अडचण नव्हती. पाहुणे येणार असले की मेट्रनबाई आपली ट्रंक कोपऱ्यात सरकवून तिच्यावर बसायच्या, तपकिरी शाल पांघरून. "हा कोपरा आम्ही मुद्दाम तसाच ठेवलाय," चष्मेवाला सांगायचा, आणि पाहुणे म्हणायचे की वा, हे अगदी अस्सल वाटतं. पाहुणे गेले की लेक शिडीवर चढायची आणि आई खालून शिडी धरायची. कोपऱ्यातला फ्लॅट असल्यामुळे एक खिडकी पाण्याकडे होती आणि एक मागच्या बाजूला. मेट्रनबाईंना पाण्यात रस नव्हता.

"माझी खोली कोणत्या गाडीखाली येते गं?"

"थांब. पांढऱ्या."

"कालही पांढरीच होती?"

"काल लाल होती."

"म्हणजे येणंजाणं आहे," मेट्रनबाई म्हणायच्या, आणि शिडी घडी करून ठेवायच्या.

मग मंडळाच्या वार्षिक पाहणीची सूचना आली. आगीचा धोका लक्षात घेऊन, मूळचं नसलेलं सगळं बारदान पाहणीपूर्वी इमारतीबाहेर काढावं.

"नियमच आहे," चष्मेवाला म्हणाला. "आपण काय करणार?" तो वाईट माणूस नव्हता. जो निर्णय आपण घेतला तर झोप उडेल, तो नियमाने घेतला तर माणसाला शांत झोप लागते, एवढंच. आणि अशा लाखो घरांची शांत झोप नियमांनी सांभाळली आहे, त्याबद्दल त्यांचे आभार कोणी मानत नाही.

भूगोलाच्या बाई शाळा सुटल्यावर खोल्या बघत हिंडू लागल्या. वरच्या मजल्यांवर खोल्या होत्या, आणि तळमजल्यांवर गाड्या. पाण्यापलीकडच्या वृद्धाश्रमात एक पलंग रिकामा होता. पण त्यांना सध्याच्या पत्त्याचा दाखला हवा होता, आणि सध्याच्या पत्त्यावर अर्जदाराची नोंद 'लाकडी खोका, जुना' अशी होती. तिथले व्यवस्थापक सभ्य होते. दाखला दोन्ही हातांनी परत देत म्हणाले, "बाई, आम्ही फक्त माणसं घेतो."

पाहणीच्या दिवशी मेट्रनबाई ट्रंक भरून तिच्यावर बसल्या होत्या. अंगावर शाल, मांडीवर पर्स. कुठे जायचं ते ठरलं नव्हतं, पण तयारी पुरी होती. लेक शाळेत गेली नव्हती. मंडळाचे तिघे आले: इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक असलेले अध्यक्ष, एक छायाचित्रकार, आणि एक सदस्य ज्यांच्याकडे 'बरोबर' म्हणण्याचं काम होतं. अध्यक्ष आधी नोंद वाचत आणि मग वस्तूकडे बघत. दोन्हींत फरक आढळला तर ते वस्तूला दोष देत.

"लाकडी खोका, जुना, एक, कड्यांसह," त्यांनी वाचलं. "हाच का?"

"हाच," काटेवाला म्हणाला.

अध्यक्षांनी कडी पाहिली. दोन आहेत, मूळची आहेत, असं सांगितलं. मग बोटाच्या पेराने मेट्रनबाईंच्या खांद्यावर ठोकलं. "भरीव आहे."

"परत ठोकलंस तर सुई टोचीन," मेट्रनबाई म्हणाल्या.

"चालू स्थितीत," अध्यक्षांनी लिहून घेतलं.

"बरोबर," तिसरे सदस्य म्हणाले.

"किती जुना?"

"शहात्तर पूर्ण," मेट्रनबाईंनीच सांगितलं. वय विचारलं की खरं सांगायची त्यांना इस्पितळातली सवय.

अध्यक्षांचा चेहरा उजळला. पंचाहत्तरच्या पुढची वस्तू मंडळाच्या संरक्षणाखाली येते.

"अहो, ती माणूस आहे," भूगोलाच्या बाई म्हणाल्या. "माझी आई आहे ती."

अध्यक्षांनी फाइल मिटली. आवाज एकदम मायेचा झाला, वर्गात चुकलेल्या मुलीला सांगावं तसा. "हे बघा, घाई करू नका. या गोदामात माणूस राहत असेल तर हे गोदाम नाही. गोदाम नाही तर वारसा नाही. वारसा नाही तर ही नुसती जुनी इमारत, आणि ती पाडायला कोणाची हरकत असायचं कारण नाही. तुम्ही सगळेच उद्या बाहेर. पण जर हा खोका असेल, तर हा खोका इथून कोणालाही हलवता येणार नाही. तुम्हालाही नाही, मालकांनाही नाही, मलाही नाही. तर मी काय लिहू? माणूस आहे का?"

मजल्यावरचा सगळा माल आपापल्या दारात येऊन उभा होता. चष्मेवाल्याने चष्मा काढला.

मेट्रनबाईंनी पर्सचा चाप उघडला आणि लावला.

"नाही म्हण, चिमे," त्या म्हणाल्या. "खोल्या बघत फिरायला आता माझ्याकडे गुडघा नाही."

भूगोलाच्या बाई काहीतरी पुटपुटल्या.

"काय?" अध्यक्षांनी विचारलं. "नीट ऐकू आलं नाही."

"माणूस नाही."

"बरोबर," तिसरे सदस्य म्हणाले.

आठवड्याभरात पितळी पाटी लागली. कोपऱ्यापुढे जाड लाल दोरी आली. मेट्रनबाईंच्या डोक्यावरून उन्हाची तिरीप जात होती तिथे, रंग उडू नये म्हणून, पडदा बसवला. आयुष्यात त्यांची इतकी काळजी कोणी घेतली नव्हती, आणि हे त्यांनी स्वतः मान्य केलं. कप्पीवरून जाणं मात्र बंद झालं, कारण एक संरक्षित वस्तू दुसऱ्या संरक्षित वस्तूला टांगता येत नाही. भाजी लेक आणू लागली. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी डॉक्टरांनी मंडळाकडे अर्ज केला. मंडळाने सहानुभूतीपूर्वक विचार करून कळवलं की मूळ सांध्याच्या जागी नवा सांधा बसवणं संमत नाही. दुरुस्ती करायची तर त्याच काळातल्या सामग्रीने करावी. मेट्रनबाईंनी ते पत्र दोनदा वाचलं. "शुद्धलेखन चांगलं आहे," म्हणाल्या.

पुढे जोडप्याच्या पावतीची मुदत संपली. नव्या पावतीचा दर अर्थातच वेगळा होता, कारण आता तो फ्लॅट 'संरक्षित वस्तूसह' या वर्गात मोडत होता. तो दर एका चष्म्याच्या दुकानाला आणि एका भूगोलाला मिळून झेपणारा नव्हता. माल उचलावा, अशी आम्ही रीतसर सूचना दिली.

शेवटच्या दिवशी गाद्या गेल्या, खोकी गेली, शिडी कार्यालयात जमा झाली. भूगोलाच्या बाई दोरी ओलांडून आत गेल्या आणि आईचा हात धरला.

"चल, आई."

काटेवाला दारात होता. त्याने पावती पुढे धरली. "बाई, दोन नग आहेत. दोन नग उचला."

"ही आमच्याबरोबर आली होती."

"हो, मीच लिहून घेतलं होतं. पण बारदान आता मंडळाचं."

मेट्रनबाईंनी लेकीचा हात सोडवून घेतला आणि तिच्या खांद्यावरची विटांची भुकटी झटकली. "जा तू. मला पाटी लावलीय. मी काही हरवायची नाही."

खाली रीतीप्रमाणे वजन झालं. या वेळी वजा करायला काहीच नव्हतं, त्यामुळे दोघांचंही पूर्ण वजन आलं. भूगोलाच्या बाई काट्यावर बराच वेळ उभ्या राहिल्या. काटा केव्हाच थांबलाय, असं काटेवाल्याने दोनदा सांगितलं.

आता त्या दर रविवारी येतात, तिकीट काढून. भूगोलाच्या असल्यामुळे वाट चुकत नाहीत. दोरीच्या अलीकडे उभं राहायचं असतं, हात लावायचा नसतो. पलीकडून मेट्रनबाई विचारतात, "जेवलीस का?" इतर प्रेक्षक दचकू नयेत म्हणून आम्ही माहितीफलकावर एक ओळ वाढवली आहे: वस्तू अधूनमधून असा आवाज करते.

तर तो फ्लॅट सध्या रिकामा आहे, आणि आमच्या इतिहासात कुठल्याच फ्लॅटला इतके अर्ज आले नव्हते. येणारे सगळे सुशिक्षित, चांगल्या पगाराचे, मोठ्या शहाण्या कुटुंबातले. पहिला प्रश्न गाडी कुठे लावायची हा असतो. दुसरा प्रश्न ते जरा आवाज खाली आणून विचारतात: "आणि ती आई अजून आहे ना त्यात?" आहे, आम्ही सांगतो, चालू स्थितीत. मग त्यांचा चेहरा सैल पडतो. घर भरल्यासारखं वाटतं, म्हणतात. मुलांना संस्कार होतील. शिवाय तिला बघायला कुठे जावं लागत नाही.

आपलाही अर्ज आमच्याकडे आला आहे. (इथवर वाचलंत त्या अर्थी जागा हवी असणार.) वजन, व्यवसाय, पोहता येतं का, शिडी हवी का, हे रकाने आपण सुवाच्य अक्षरात भरलेत, त्याबद्दल कार्यालय समाधानी आहे. फक्त सहावा रकाना कोरा राहिला आहे. त्यात विचारलं आहे: 'आपलं जुनं बारदान सध्या कोठे ठेवलं आहे, आणि ते चालू स्थितीत आहे काय?'

बरेच अर्जदार तिथे 'लागू नाही' लिहितात. आम्ही तेही चालवून घेतो. काटेवाला फक्त एकदा मान वर करून बघतो. पण नक्की माहीत नसेल तर फोन करून विचारलंत तरी चालेल. नंबर आपल्याकडे असेलच.